लाल ढालीचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

‘रॉथ्सचाइल्ड’ हे युरोपातल्या बड्या सावकारी पेढीवाल्या घराण्याचं आडनाव आपण पेपरात वाचतो आणि त्यातलं ‘चाइल्ड’ म्हणजे मूलच असणार, असं धरून चालतो. हा इंग्रजी उच्चाराचा चकवा. नाव मुळात जर्मन आहे आणि ते तोडायचं ‘रोट’ आणि ‘शिल्ट’ असं. रोट म्हणजे लाल, शिल्ट म्हणजे ढाल. मुलाबाळांचा काही संबंध नाही.

फ्रांकफुर्ट शहरात ज्यूंना राहायला एकच गल्ली होती, युडनगासे. लांबी साधारण 330 मीटर, रुंदी जेमतेम तीन-चार मीटर. रात्री आणि रविवारी वेशी बंद. घरांना नंबर नव्हते, दारावरच्या चित्रावरून घर ओळखायचं : लाल ढाल, हिरवी ढाल, काळी ढाल, जहाज. मग हा पत्ताच माणसाला चिकटायचा. 1567च्या सुमारास इसाक एल्खानान लाल ढालीच्या घरात राहायला आला, आणि त्याचं घराणं रोटशिल्ट झालं.

गंमत पुढे आहे. सतराव्या शतकात वंशजांनी ते घर सोडलं, नाव मात्र बरोबर नेलं. जुनी नाणी विकता विकता पेढी उभी करणारा मायर आम्शेल याच कुळातला, जन्म 1744चा. 1780च्या दशकात त्याने घर घेतलं ते हिरव्या ढालीचं! दारावर हिरवी, आडनावात लाल. पुण्यात तीन पिढ्या काढलेले नागपूरकर आपल्याला ठाऊक आहेतच.

काळ्या ढालीवरून श्वार्त्सशिल्ट हे आडनाव आलं. कृष्णविवराच्या सीमेचं गणित ज्यांच्या नावाने ओळखतात ते कार्ल श्वार्त्सशिल्ट फ्रांकफुर्टचेच. काळी ढाल आणि कृष्णविवर, निव्वळ योगायोग, पण मला भारी आवडतो.

मायरला पाच मुलगे. आम्शेल घरीच राहिला. नाथान 1798मध्ये कापडाच्या धंद्यासाठी मँचेस्टरला गेला, पुढे लंडनला. याकोब पॅरिसला, सालोमन व्हिएन्नाला, कार्ल नेपल्सला. 1822मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने भावांना बॅरन केलं. कुटुंबाच्या चिन्हात पाच बाण आले ते याच पाच भावांचे.

मुलांचे वाडे झाले, पण आई गूट्लेने गल्ली सोडली नाही. 1849मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ती वारली, तोवर तिचा पत्ता तोच होता : युडनगासे, हिरवी ढाल.