नगरच्या किल्ल्यातला पहाटेचा चहा

मित्रहो, वाईट दिवसांत माणसाने मन कुठे रमवावं, आणि मुळात रमवावं की नाही, हा आजचा विषय. यावर हवेत बोलण्यापेक्षा मी तुम्हाला एका जागी नेतो. जागा आपल्या ओळखीची आहे, नगरचा भुईकोट किल्ला. आजचं अहिल्यानगर.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पहाटेच धरपकड सुरू झाली. गांधीजींना आगाखान पॅलेसमध्ये नेलं. काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. अध्यक्ष मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव, सगळे मिळून बारा जण. किती दिवसांसाठी आणलंय, हे कुणीच सांगायला तयार नव्हतं. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, घरचं पत्र नाही. बाहेर देश पेटलेला, आणि ठराव करणारी माणसं आत बसलेली. पुढच्या वर्षी बंगालचा दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली, तेही यांना आत बसूनच कळलं. ज्याला काही करायची सवय आहे त्याच्या हातून काहीच होत नाही, याच्यासारखी निराशा नाही.

हेही सांगायला हवं की यांचा तुरुंग त्या मानाने बरा होता. पुस्तकं मिळत, मोकळं आवार होतं. येरवड्यात आणि नाशिकला खडी फोडणाऱ्या साध्या सत्याग्रहींना यातलं काही नव्हतं. पण पुस्तकं मिळाली म्हणून दिवस आपोआप सरत नाही. तुमच्यापैकी जे महिनोन् महिने कुणाच्या आजारपणात घरी बसले असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

या बारा जणांतल्या दोघांनी आपले दिवस कसे काढले ते लिहून ठेवलं आहे. त्यातल्या मौलाना आझादांचं लिखाण माझ्या विशेष जवळचं आहे. ‘गुबार-ए-खातिर’ नावाचा तो पत्रसंग्रह १९४६ साली उर्दूत निघाला. पत्रं लिहिली आहेत हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला, ‘सदीक-ए-मुकर्रम’, म्हणजे ‘आदरणीय मित्रा’, असा मायना घालून. पत्रं बाहेर जाणार नाहीत हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मायना आहे, तारीख आहे, वेळ आहे. मित्र समोर बसलाय असं धरून माणूस बोलत राहिला.

आणि बोलतोय कशावर? चहावर.

आझाद पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठत. सगळं आवार झोपलेलं. ते स्वतः पाणी ठेवत, स्वतः चहा करत. चहा चिनी, चमेलीच्या वासाचा, त्यात दूध अजिबात नाही. आपण दूध घालून उकळतो त्या चहाला ते पातळ हलवा म्हणतात. आपल्याला हे पटणं अवघड आहे, पण त्यांचं मत ठाम होतं. एक घोट चहाचा, मग सिगारेटचा एक झुरका, परत घोट. हा क्रम ते इतक्या तपशिलाने सांगतात की वाचताना आपण त्यांच्या शेजारी बसलेले असतो. सिगारेट सोडून द्या, ती तब्येतीला वाईटच. पण त्या तासाकडे नीट पाहा. दिवसभराचं वेळापत्रक सरकारचं होतं. दारं कधी उघडायची, कोण कुणाला भेटणार, सगळं दुसऱ्याच्या हातात. पहाटेचा हा तास मात्र त्यांचा, आणि त्यासाठी त्यांना कुणाकडे अर्ज करावा लागला नाही.

दुसरी गोष्ट चिमण्यांची. खोलीच्या जुन्या छतात चिमण्यांनी घरटी केलेली. काड्या, कचरा, पिसं खाली, दिवसभर चिवचिवाट. मौलानांनी आधी त्यांना हुसकून लावायचा चंग बांधला. पाठ वळली की चिमण्या परत हजर. शेवटी त्यांनी हार मानली आणि मैत्री करायचं ठरवलं. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले. हळूहळू दाणे स्वतःच्या जवळ आणले. चिमणी येईपर्यंत दगडासारखं निश्चल बसून राहायचे, हात नाही हलवायचा, मान नाही वळवायची. करता करता चिमण्या तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मग त्यांना नावं पडली, स्वभाव ठरले, कोण धीट, कोण भित्री. राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष हे सगळं पानंच्या पानं लिहितो आहे, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. या पानांवर माझं फार प्रेम आहे.

नेहरूंनी कुदळ हातात घेतली. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच ते सांगतात की मी बागकाम सुरू केलंय, ऊन असलं तरी तासन् तास वाफे खणतो. माती वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांचा राडारोडा भरलेली. खणता खणता जुन्या वास्तूंचे अवशेष लागत, आणि मग मन चांदबिबीपर्यंत मागे जाई. तुरुंगात चंद्र हा आपला सोबती आहे, असंही त्यांनी लिहिलंय. ते सबंध पुस्तक त्यांनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर एवढ्या अवधीत, याच किल्ल्यात लिहिलं. वाफे खणले म्हणून पुस्तक झालं, असा हिशेब मी मांडणार नाही. फुलं फुलांसाठी लावली होती. आपल्याला ही एक खोड लागली आहे, विरंगुळ्यातूनही काहीतरी ‘निघालं’ पाहिजे. नाही निघालं तरी चालतं!

आता अवघड भाग. बरेच जण मला म्हणतात, घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, आणि मी गाणं ऐकत बसू? कांद्याला भाव नाही, कर्ज डोक्यावर, आणि मी कुंड्यांना पाणी घालू? मुलगा चौथ्यांदा स्पर्धा परीक्षेत राहिला आणि आईने हौसेने रांगोळी काढली, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? अशा वेळी सुखाचा एक घोटसुद्धा चोरून प्यावा लागतो.

आझादांवर याहून कठीण वेळ आली. ऑगस्ट १९४२ मध्ये ते कलकत्त्याहून निघाले तेव्हा पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत निरोप द्यायला आल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांचं दुखणं वाढल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारकडे विनंती करायची असेल तर पोचवू, असं अधिकाऱ्यांनी सुचवलं. आझादांनी विनंती केली नाही. रोज वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या पावलांचा आवाज ऐकला की काळीज धडधडे, पण बाहेरून बसण्या-उठण्यात, जेवणाच्या वेळेत फरक पडू द्यायचा नाही, असा त्यांचा निर्धार. तो निर्धार किती जड गेला हेही त्यांनी लपवलं नाही. ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या. त्यानंतरच्या पत्रात ते आवारातल्या एका जुन्या, कुणाची ते ठाऊक नसलेल्या कबरीबद्दल लिहितात. आल्यापासून ती शेकडो वेळा पाहिली होती, आता तिच्याबद्दल वेगळीच माया वाटू लागली. एका संध्याकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि कुण्या कवीने आपल्या भावाच्या मृत्यूवर रचलेली एक जुनी अरबी विलापिका त्यांना आठवली.

मंडालेत टिळकांवर हेच आलं होतं. लाकडी फळ्यांच्या त्या कोठडीत ते जर्मन, फ्रेंच, पाली शिकत होते, ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून झालं होतं, आणि १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी तिथे पोचली. सुटकेला आणखी दोन वर्षं होती.

याच आझादांनी, किल्ल्यातल्या पहिल्याच महिन्यात, आनंदी राहण्यावर एक पत्र लिहिलं. ज्या तुरुंगात रोज सकाळ उजाडते, चांदण्या रात्री कैदी आणि मोकळा माणूस असा भेद करत नाहीत, तिथे सुखाची सामग्री नाही असं का धरून चालायचं, असं ते विचारतात. आणि पुढे जे म्हणतात ते मला फार मोलाचं वाटतं. आनंदी राहणं ही नुसती गरज नाही, ती नैतिक जबाबदारी आहे. आपण आरसेमहालात राहतो, एका चेहऱ्यावरची छाया शेकडो आरशांत उमटते.

म्हणून त्या आईला मी सांगतो, रांगोळी काढा. मुलगा घरातून बाहेर पडताना ती पाहणार आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने अर्धा तास गच्चीवर जाऊन यावं, कारण परत आल्यावर आजारी माणूस आधी त्याचा चेहरा वाचतो.

मोबाइलचं काय, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. मोबाइलवर बोट फिरवत रात्र काढली की मन भरत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. माझ्या मते फरक असा की चहा, दाणे, कुदळ यांत हात गुंतलेले होते आणि लक्षही. चिमणीसाठी निश्चल बसावं लागलं. मोबाइल आपल्याकडून काहीच मागत नाही. गाणंच ऐकायचं तर एक लावा आणि ते संपेपर्यंत दुसरं काही करू नका.

गाण्यावरून सांगतो. १९४३ च्या सप्टेंबरात, पत्नी जाऊन पाच महिने झालेले असताना, आझादांनी संगीतावर एक लांबलचक पत्र लिहिलं. तरुणपणी आपण सतार शिकलो, चांदण्या रात्री ती घेऊन ताजमहालात जाऊन बसलो, हे सगळं त्यात आहे. इतर कशाहीवाचून मी खुशीत राहू शकतो, संगीतावाचून नाही, असं ते त्यात म्हणतात. ते पत्र मिळवून वाचा, उर्दू येत नसेल तर नागरी लिपीत वाचा. शब्द अडले तर अडू द्या, घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून मोठ्याने वाचा.