रिकाम्या चौकटीतून गेलेला झोत

मंडळी, प्रयोगाची बातमी येते तेव्हा तिच्यात डिटेक्टर असतात, आलेख असतात. त्याच्या आदल्या रात्रीबद्दल कुणी विचारत नाही. मला आज त्या रात्रीबद्दलच, म्हणजे विद्युतभारित अणूंचा (आयनांचा) झोत प्रयोगाच्या जागेपर्यंत नीट पोचवण्याबद्दल, बोलायचं आहे.

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८पासून पेलेट्रॉन आहे. हा प्रवेगक, म्हणजे आयनांचा वेग वाढवणारं यंत्र, उभा आहे. वरून ऋण आयन सोडायचे, मधलं धनभारित टर्मिनल त्यांना ओढून घेतं. तिथे कार्बनचा पातळसा पापुद्रा त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडून काढतो. ऋणाचे धन झालेले तेच आयन मग टर्मिनलपासून खाली ढकलले जातात. टर्मिनल १ कोटी १० लाख व्होल्टवर असेल आणि ऑक्सिजनवर सात धनभार आले, तर येताना ११ आणि जाताना ७७, मिळून ८८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा! एकच व्होल्टेज दोनदा वापरून घ्यायची ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

पण पुढे ९० अंशांचं वळण आहे, चुंबकांची रांग आहे आणि झोत कुठेही नळीच्या भिंतीला लागू शकतो. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे चटकन कळेल. शेवटच्या वाफ्यात पाणी येईना, तर आपण विहिरीपासून पाटाच्या कडेनं चालत येतो, कुठे फुटलाय ते बघत. इथेही तसंच. झोताच्या वाटेत फॅरेडे कप, म्हणजे धातूचा पेला, आडवा घालायचा आणि प्रवाह मोजायचा. चुंबकाची ताकद थोडी थोडी बदलून तो वाढवायचा, पेला काढायचा, पुढच्या पेल्याकडे जायचं. त्या ऑक्सिजनचा एक नॅनोअँपिअर मिळाला, तरी सेकंदाला सुमारे ८९ कोटी आयन येत असतात.

वळणानंतरच्या फटीच्या दोन्ही कडांना झोत किंचित घासून जातो. व्होल्टेज उतरलं की आयन जास्त वळतात आणि आतल्या कडेवरचा प्रवाह वाढतो. हा फरक वाचूनच यंत्र व्होल्टेज सावरतं.

शेवटी टार्गेटच्या, म्हणजे ज्यावर झोत आदळवायचा त्या चौकटीत बसवलेल्या पदार्थाच्या, जागी क्वार्ट्झ ठेवतात. झोत पडला की त्यावर निळसर ठिपका उजळतो, कॅमेऱ्यातून तो दिसतो. विद्यार्थी असताना एका प्रवेगकावर असाच सुबक ठिपका पाहून मी थेट टार्गेट लावलं. आलेखात भरघोस शिखर आलं. पहाटे टार्गेटविना नुसती चौकट ठेवून पाहिली, तर शिखर तिथेच! झोताभोवतीचं विरळ वलय चौकटीच्या ॲल्युमिनियमवर आपटत होतं. त्या वलयाचा ठिपक्यात मागमूसही नव्हता. रात्रभराची मोजणी टाकून द्यावी लागली.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी रिकामी चौकट लावायला सांगतो. झोत भोकातून आरपार गेला पाहिजे, मागच्या कपात पूर्ण प्रवाह मिळाला पाहिजे आणि डिटेक्टर जवळजवळ गप्प राहिले पाहिजेत. त्यासाठी दोन तास गेले तरी चालतील. ते गप्प झाले, की मगच टार्गेट झोतासमोर आणायचं.