शाळा बंद असताना मुलासमोर बसणारे माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

१९३७ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ आली, शाळा उघडणे लांबणीवर पडले आणि तिथल्या शिक्षकांनी तिसरी ते आठवीच्या मुलांना रेडिओवरून शिकवायला घेतले. कोणत्या वेळी कोणत्या इयत्तेचा पाठ होणार, हे वर्तमानपत्रांत छापून येत असे. ज्या माध्यमातून मी आज आपल्याशी बोलत आहे, त्याने बजावलेली ही कामगिरी मला मोलाची वाटते. तरीही एक उणीव तेव्हाही होती आणि ती आजही आहे. रेडिओ बोलू शकतो, पण मुलाने दिलेले उत्तर त्याला ऐकू येत नाही.

ते उत्तर ऐकणारे माणूस घरात असावे, एवढ्यासाठीच मला आपल्याशी बोलायचे आहे. २०२० मध्ये जगभरच्या शाळा बंद झाल्या, तेव्हा युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरस्थ शिक्षण पोहोचूच शकले नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात आहे, तिथले मूल. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी. ऐकण्यात, पाहण्यात किंवा समजून घेण्यात अडचण असलेले मूल. आई-वडिलांपासून दूर, नातलगांकडे राहणारे मूल. शाळा बंद झाली की सर्वांत आधी मागे पडतात ती हीच मुले.

मागे पडणे किती खोल असते, हे २००५ च्या पाकिस्तानातील भूकंपानंतर दिसून आले. तिथल्या शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. परंतु चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपाच्या पट्ट्यातील मुले तीन-साडेतीन महिने नव्हे, तर दीड ते दोन वर्षांच्या अभ्यासाने मागे होती. शाळा सुरू झाल्यावर वर्ग आपल्या पाठ्यक्रमाने पुढे निघून गेला असावा आणि मूल जिथे अडले होते तिथेच राहिले असावे, असे याचे एक कारण संशोधकांनी मांडले. ज्यांच्या आईचे निदान प्राथमिक शिक्षण झाले होते, त्या मुलांत मात्र ही पिछाडी दिसली नाही.

हे ऐकून ज्या माउलीला शाळेची पायरी चढता आली नाही, तिने खचून जाऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. बोत्स्वाना देशात २०२० मध्ये काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे संदेश पाठवले गेले, तर काहींना संदेशासोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला गेला. नुसत्या संदेशांनी फारसा फरक पडला नाही. पण जिथे पलीकडून कोणीतरी मूल आणि पालक या दोघांशी बोलत, एक-एक उदाहरण सोडवून घेत होते, तिथे मुलांचे गणित सुधारले. ज्याला जमेल त्या शिक्षकाने, शेजाऱ्याने किंवा मोठ्या ताईदादाने असा एक फोन नेमाने करावा.

आणि घरी? रोजची एक ठरलेली वेळ, मग ती अर्ध्या तासाचीच का असेना. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगायला लावा. आपल्याला अक्षर येत नसले, तरी मूल अडखळले, घाईने पुढे सरकले किंवा त्याची गोष्ट मध्येच तुटली, हे कानाला कळतेच. अशा वेळी "हे मला नीट समजले नाही, पुन्हा सांगशील?" एवढेच म्हणावे. समजावून सांगता सांगता मुलाला आपली चूक पुष्कळदा स्वतःलाच सापडते. पुस्तक नसेल तर घरातल्या भाषेतली गोष्ट ऐकवा, वस्तू मोजायला आणि वाटे करायला लावा. घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असली, तरी तीत केलेला विचार वाया जात नाही.

दिव्यांग मुलासाठी काम लहान तुकड्यांत द्यावे, मध्ये विसावा द्यावा, आणि शाळेत कोणत्या पद्धतीने शिकवत होते ते शिक्षकांना विचारून तीच पद्धत घरी ठेवावी.

एक गोष्ट बोलताना मन जड होते. काही घरांत मुलांना मारहाण होते, आणि अंगावरचा वळ किंवा अचानक आलेला अबोला एरवी शिक्षकांच्या नजरेस पडतो. शाळा बंद झाली की ती नजरही दूर जाते. तेव्हा शेजारच्या मुलाची विचारपूस करणे याला कृपा करून नसती उठाठेव समजू नका. काही खटकले, तर बालसंरक्षणाचे काम करणाऱ्यांना कळवा. भुकेल्या, घाबरलेल्या मुलाला पाढे विचारण्याआधी जवळ बसवून घ्या.

शेवटी, एका वहीत तारीख घालून मुलाने काय केले ते त्यालाच लिहू द्या. शाळा उघडेल त्या दिवशी ती वही घेऊन शिक्षकांना भेटा आणि न संकोचता सांगा, की आमचे मूल हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आले आहे, त्याला तिथून पुढे न्या.

नमस्कार.