उसना गोलकीपर

नमस्कार श्रोतेहो. १९९८-९९ चा इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम म्हटलं की सगळ्यांना मँचेस्टर युनायटेड आठवतं. लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, तीनही करंडक एकाच मोसमात. त्यांच्याकडे येऊच आपण. पण आधी चला तळाशी. अगदी तळाशी, ९२व्या नंबरावर.

तेव्हा प्रीमियर लीगमध्ये २० क्लब आणि त्याखालच्या तीन डिव्हिजनमध्ये ७२. झाले ९२. थर्ड डिव्हिजनमध्ये जो शेवटचा, तो थेट लीगबाहेर. आपल्या आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी लिलावाच्या टेबलावर ऐटीत बसलेला असतो, हे मला कधीच पटलेलं नाही. नापास झालेल्याला पुन्हा त्याच वर्गात बसवायचं, वर नवी वह्या-पुस्तकं घेऊन द्यायची! असो.

तर कार्लाइल युनायटेड. गाव स्कॉटलंडच्या सीमेलगत, मैदान ब्रन्टन पार्क. १९२८ पासून लीगमध्ये असलेला क्लब. १९७४ च्या ऑगस्टमध्ये, पहिले तीन सामने झाल्यावर, हेच लोक अख्ख्या इंग्लंडात पहिल्या नंबरावर होते. आणि १९९९ च्या मे महिन्यात? शेवटचे. हंगामाचा एकच दिवस उरलेला, ४६ गुण. वरच्या स्कारबरोचे ४७. एका गुणाचा फरक. लक्षात ठेवा, एका गुणाचा.

त्यात क्लबकडे गोलकीपर नाही. आपला होता तो टोनी केग ब्लॅकपूलला विकलेला, उसना आणलेला रिचर्ड नाइट डर्बीला परत गेलेला. खेळाडू घेण्याची मुदत केव्हाच संपलेली. शेवटी लीगची खास परवानगी काढून स्विंडनहून जिमी ग्लासला आणलं. ऐन पाहुणे दारात आल्यावर शेजारून वाटीभर साखर आणावी, तसं.

८ मे १९९९, शनिवार. समोर प्लिमथ आर्गाइल. उत्तरार्धात प्लिमथनं गोल केला. मग डेव्हिड ब्राइटवेलनं लांबून मारून बरोबरी साधली. १-१. पण बरोबरी पुरत नव्हती. तिकडे स्कारबरोचा सामनाही १-१ असाच सुटलेला. त्यांचा सामना आधी संपला, म्हणून त्यांचे लोक मैदानावर ट्रान्झिस्टर कानाला लावून कार्लाइलच्या निकालाची वाट बघत होते. त्यांच्या मैदानाला चिप्सच्या कंपनीचं नाव होतं, म्हणून लोक गमतीनं त्याला थिएटर ऑफ चिप्स म्हणत. बिचाऱ्यांचा आनंद सुरूही झाला होता.

इकडे नव्वद मिनिटं कधीच होऊन गेलेली. भरपाईचीही वेळ संपत आलेली. शेवटचे काही सेकंद. कार्लाइलला कॉर्नर मिळाला. ग्लासनं बाकाकडे पाहिलं. मॅनेजर नायजेल पिअर्सन, ज्यांनी पुढे लेस्टर सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेलं तेच, त्यांनी हातानं खूण केली: जा! आणि आपला गोल मोकळा टाकून गोलकीपर धावत सुटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॉर्नर आला, स्कॉट डोबीनं हेडर मारला, प्लिमथच्या कीपरनं तो अडवला, चेंडू सुटून समोर पडला. आणि समोर कोण? उसना गोलकीपर! उजव्या पायानं हाणला आणि चेंडू जाळ्यात. २-१.

लोक मैदानात घुसले. ग्लास त्या गर्दीखाली दिसेनासाच झाला. रेडिओ कंब्रियावर डेरेक लेसी कॉमेंटरी करत होते, त्यांचा तो आवाज मिळाला तर जरूर ऐका. माणूस गोलकीपरचं नाव घेऊन नुसता ओरडतोय. आता बारा कोनांतून रिप्ले दाखवतात, पण माझं म्हणणं, असा गोल रेडिओवरच ऐकावा. मी रेडिओवाला, मी हेच म्हणणार!

कार्लाइल ४९, स्कारबरो ४८. पुन्हा एकाच गुणाचा फरक, फक्त बाजू बदलली. आणि स्कारबरोच्या मैदानावर, त्या ट्रान्झिस्टरच्या घोळक्यात, एकदम सामसूम. १९८७ मध्ये नॉन-लीगमधून थेट बढती मिळवून लीगमध्ये आलेला पहिला क्लब होता तो. लीगमध्ये परत काही आला नाही, २००७ मध्ये कर्जात बुडून बंदच पडला. कार्लाइलही २००४ मध्ये लीगबाहेर गेलं, पण वर्षभरात परतलं.

आणि ग्लास? कार्लाइलकडून तो एकूण तीन सामने खेळला. तीनच. थोड्याच वर्षांत फुटबॉल सुटला आणि पुढे त्यानं टॅक्सी चालवली. मागच्या सीटवरचे किती जण त्याला ओळखत असतील?

अरे, निर्माते काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. मँचेस्टर युनायटेडचं राहिलंच की! त्यांनीही त्याच महिन्यात, २६ तारखेला, बार्सिलोनात भरपाईच्या वेळेतच दोन गोल करून बायर्नला हरवलं. पण त्यांचे गोल करणारे शेरिंगहॅम आणि सोलशार, दोघेही फॉरवर्ड. गोल करणं हे त्यांचं कामच होतं. नमस्कार.