झोंबतंय म्हणजे लागू पडतंय?

(रंकाळ्याचा काठ. जानेवारीची पहाट, पाण्यावर धुकं.)

जानेवारीत कोल्हापूरला पहाटे खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. पारा २४-२५ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं. ओठ फुटायचे दिवसही हेच. रंकाळ्यावर फिरायला आलेल्यांकडे जरा नीट बघा. बोलता बोलता जीभ ओठांवरून फिरते. दहा पावलं गेली की पुन्हा. तेवढ्यापुरते ओठ ओले होतात, मग वारा लागून लाळ उडते आणि ओठ आधीपेक्षा कोरडे पडतात. शिवाय लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही, तिच्यात अन्न पचवणारे रस असतात. नाजूक कातडीला तेच चरचरतात.

ओठाच्या लाल भागावर घाम येत नाही, कारण तिथं घामाच्या ग्रंथीच नाहीत. तेलाच्या ग्रंथीही जवळपास नाहीत. वरचा थर इतका पातळ की आतलं रक्त बाहेरून दिसतं, म्हणून तर ओठ तांबूस. बाकीची कातडी स्वतःचं तेल स्वतः काढते. ओठांना ते बाहेरून द्यावं लागतं.

काय द्यावं, हे बघायला आम्ही महाद्वार रोडवर लिप बाम मिळणाऱ्या दुकानात गेलो.

(दुकानाचा काउंटर. काचेखाली रंगीत कांड्या, डब्या.)

स्ट्रॉबेरी, मध, पुदिना, गुलाब. पुढच्या बाजूला सगळं गोड लिहिलेलं. ‘दाखवू का ताई, ही लई जाते,’ म्हणत दुकानदारानं पाच नग समोर ठेवले. आम्ही पाचही उलटे केले. दोनांवर आत काय घातलंय याचा एक शब्द नव्हता.

ही त्या कंपन्यांची लबाडी असेल असं आम्हाला आधी वाटलं. पण नियमच तसा आहे. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, आणि त्याहून कमी असलेले त्यानंतर कसेही. मात्र ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट किंवा अर्धघट्ट मालाला या यादीतून सूट आहे. लिप बामची कांडी असते साधारण साडेचार ग्रॅमची! जी वस्तू दिवसातून दहादा तोंडाला लागते आणि थोडीथोडी पोटात जाते, तिलाच सूट. हे आम्हाला मुळीच पटत नाही. पुष्कळ कंपन्या तरीही यादी छापतात. ज्यांनी छापली आहे त्यांचाच माल घ्या, एवढं ग्राहकाच्या हातात आहे.

(यादीवर भिंग. अक्षरं मोठी होत जातात.)

यादी वाचताना पहिली चार-पाच नावं बघायची, कारण डबीतला बहुतेक माल तोच. पुढच्या बाजूला ‘मध’ असं मोठ्या अक्षरात छापलेली एक कांडी आम्ही वाचली. मध यादीत शेवटून दुसरा. त्याच्याही आधी सुगंध.

ही नावं कामावरून ओळखायची. आणि काम समजायला करवीर तालुक्यातल्या उसाच्या रानात जाऊ.

(ऊस तुटून गेलेलं रान. सरीत पसरलेलं पाचट.)

तोडणी झाली की शहाणा शेतकरी पाचट पेटवत नाही, सरीत पसरतो. पाचट पाणी देत नाही. दिलेलं पाणी उडू देत नाही. पेट्रोलॅटम, म्हणजे पेट्रोलियम जेली, ओठांवर नेमकं हेच काम करते. मेण, पॅराफिन, डायमेथिकोन आणि लोकरीतून निघणारं लॅनोलिनही त्याच जातीचं. ही झाकणारी मंडळी. कोरड्या रानावर पाचट टाकून ओल येत नाही, तसंच कोरड्या ठणठणीत ओठांवर जेली फासून फारसं साधत नाही. तोंड धुतल्यावर, ओठ किंचित ओले असतानाच लावायची.

दुसरी मंडळी पाणी ओढणारी. ग्लिसरीन, मध, हायलुरॉनिक ॲसिड. कोरड्या हवेत ही एकटी लावली तर खालच्या थरातलंच पाणी वर ओढतात आणि ते उडून जातं. त्यांच्यावर झाकण हवंच. तिसरी मऊ करणारी. शिया बटर, कोको बटर, बदामतेल, एरंडेल. फुटलेल्या पापुद्र्यांच्या फटीत ती भरतात आणि ओठ गुळगुळीत होतो.

‘पेट्रोल’ ऐकून पुष्कळ बायका जेली बाजूला सारतात. पेट्रोलियममधून निघते हे खरं, पण शुद्ध केलेली जेली १८७२ साली व्हॅसलीनचं पेटंट झाल्यापासून कातडीला लागते आहे, आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. उलट ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेलं एरंडेल, लॅनोलिन किंवा मधमाशीचं मेण एखाद्याला खाजवू शकतं. नवीन डबी आणली की दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

लॅनोलिन म्हटलं की आपल्याला पट्टणकोडोलीची यात्रा आणि धनगरांची मेंढरं आठवतात. बाजारातलं लॅनोलिन मात्र मेरिनोसारख्या मेंढीच्या तेलकट, मऊ लोकरीचं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती घोंगडीची.

गळ्यात माळ असलेल्या मावशींसाठी आणखी एक सांगतो. रंगीत बामच्या यादीत सीआय ७५४७० दिसलं तर तो कारमाइन. कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग.

(पुदिन्याची हिरवी कांडी.)

आता दुकानात आम्ही सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य. ‘झोंबतंय नव्हं? मग लागू पडतंय बघा.’

नाही. मेंथॉल, कापूर, पुदिन्याचं तेल, दालचिनी यांनी ओठ गार पडतो किंवा चुणचुणतो, कारण ते नसा चेतवतात. भेग भरून येण्याशी त्याचा संबंध नाही. फुटक्या ओठानं तांबडा रस्सा प्यायला तरी झोंबतो, त्याला कुणी औषध म्हणत नाही. या घटकांनी चिडलेले ओठ आणखी सोलवटतात, माणूस पुन्हा तीच कांडी काढतो, आणि संध्याकाळपर्यंत ओठ लाल. सॅलिसिलिक ॲसिडही असंच, ते पापुद्रे सोलतं. तुमच्या बामच्या यादीत यांतलं एखादं नाव असेल तर पंधरा दिवस तो बंद ठेवून साधी, बिनवासाची जेली लावून बघा. टूथपेस्टचा तिखट पुदिनाही कधी कधी कारण असतो.

(उसाच्या फडात तोडणी. डोईवर मोळी घेतलेल्या बायका.)

या बायकांना जेलीनं भागत नाही. खालचा ओठ दिवसभर उन्हाकडे तोंड करून असतो आणि साधी जेली ऊन अडवत नाही. त्यांच्यासाठी एसपीएफ ३० (एसपीएफ म्हणजे ऊन अडवण्याचं माप) लिहिलेला बाम हवा, यादीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला, दर दोन तासांनी आणि जेवणानंतर पुन्हा लावायचा. फडात हे कोण पुरवणार, हा प्रश्न मुकादमाला आणि कारखान्याला विचारायला हवा. हातमोजे मागतो तसा हाही मागायचा. आणि ओठावरची जखम किंवा पांढरा, खडबडीत डाग दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, विशेषतः मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर बाम बदलत बसू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा.

(भुदरगडातलं एक स्वयंपाकघर.)

‘ओठ फुटलं की बेंबीत तेल घाल.’ हे माझ्या आजीनंही केलंय. बेंबीपासून ओठापर्यंत तेल नेणारी वाट शरीरात नाही. पण मला तिचं बोट आठवतं. बेंबीत तेल सोडून झालं की तेच तेलकट बोट ती आमच्या ओठांवरून फिरवायची. औषध तिथं लागायचं.

तिच्या फडताळात कोकमतेलाचा गोळा असायचा, घाटाखालून आलेला. मुठेल म्हणायची ती त्याला. कोकमाच्या बियांचं हे तेल अंगाच्या उष्णतेच्या जवळपास, ३८-४० अंशांना वितळतं, म्हणून हातात घट्ट राहतं आणि सुरीनं खरवडून ओठावर चोळलं की विरघळतं. ना वास, ना रंग, ना झोंबणं.

त्याच गोळ्याचा बाम आम्ही इथं केला. मेण पाटगावचं, मधाच्या गावातलं, गाळून घेतलेलं. एक भाग मेण, एक भाग कोकमतेल, तीन भाग खोबरेल, सगळं वजनानं. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवली. मेण ६२ अंशांच्या पुढं वितळतं, त्यामुळं घाई चालत नाही. थंड बशीवर एक थेंब टाकून नखानं दाबला. कडक वाटला, म्हणून चमचाभर खोबरेल आणखी. मग धुऊन कोरड्या केलेल्या डबीत ओतलं.

(डबी जवळून. मिश्रण कडेनं पांढुरकं होत आत सरकतं.)

कडा आधी धरतात. मेण आकसतं तसा मधोमध बोटाच्या पेराएवढा खळगा पडतो, आणि पहिलं बोट तिथंच टेकतं.