टाक्यांआधी एक बोट

मंडळी, गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेने तुमचे कान तयार केलेत, तेव्हा प्रस्तावना नको. बाळाचं डोकं धरून ओढणारा चिमटा (फोर्सेप्स) किंवा डोक्याला कप चिकटवून ओढणारा व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालं की "बाळाच्या डोक्यावर खूण राहील का?" हे प्रत्येक घर विचारतं. आईच्या गुदद्वाराच्या स्नायूबद्दल एकही सासू विचारत नाही. हसा, पण सासऱ्यांनी तरी कुठे विचारलंय?

इंग्लंडच्या चेंबरलेन घराण्याने सतराव्या शतकात हा चिमटा वापरला आणि पिढ्यानपिढ्या लपवला. सांगतात की, सोनेरी नक्षीची भली मोठी पेटी दोघे उचलून आणत, बाळंतिणीचे डोळे बांधत, नातेवाइकांना खोलीबाहेर काढत. शेवटी १८१३ मध्ये वुडहॅम मॉर्टिमर हॉल या त्यांच्या जुन्या घरात जमिनीच्या फळ्यांखाली ती हत्यारं सापडली. चिमट्याचं गुपित तर त्याआधीच, अठराव्या शतकात फुटलं होतं. बाहेरच्यांना काही न सांगायची रीत मात्र टिकून आहे. संमतीच्या कागदावर सही घेतात, पण आईला काय होऊ शकतं ते बोलतं कोण?

चिमटा खलनायक नाही हं. डोकं खोल उतरल्यावरचं सिझेरियनही सोपं नसतं.

आयोजकांची चिठ्ठी आली, त्यामुळे आता भरभर. स्नायूपर्यंत किंवा त्यापलीकडे फाटण्याचं प्रमाण व्हॅक्यूममध्ये शंभरात १ ते ४, चिमट्यात ८ ते १२. व्हॅक्यूमचा कप बसवला की कडेभोवती बोट फिरवायचं. योनीची भिंत अडकली असताना ओढलं तर ती फाटणारच. योनीमार्ग मोठा करायला छेद द्यायचा तो डोक्याने कातडी ताणलेली असताना, मध्यरेषेपासून ६० अंशांत. ताण उतरला की तो मध्याकडे सरकतो, म्हणून कोन कमी नको.

आणि माझा हट्ट: वार पडल्यावर, टाक्यांआधी, तर्जनी गुदद्वारात आणि अंगठा बाहेर ठेवून स्नायू चिमटीत चाचपा. पुढच्या बाजूला खाच लागली तर तो फाटलाय. तुटलेली टोकं आत ओढली जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. वरून कातडी सुरेख शिवली जाते, आणि बाई सुरगाण्याला घरी पोचल्यावर वायू आवरेनासा होतो, शी आवरेनाशी होते. लाजेने ती बोलत नाही. टाके झाल्यावर पुन्हा बोट घाला, एखादा टाका गुदाशयात शिरलेला असू शकतो.

गर्भाशय घट्ट असूनही रक्त वाहतंय? जखम शोधा, गर्भाशयमुखही पाहा. बाहेर रक्त नाही, पण असह्य दुखतंय, शीला लागल्यासारखं वाटतंय, नाडी पळतेय? आत रक्त साठतंय. सहा तासांत लघवी झाली नाही तर कॅथेटर (लघवीची नळी) घाला, मूत्राशय ताणू देऊ नका. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत सहा तासांच्या आत शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकच्या एकाच डोसने जंतुसंसर्ग १९ टक्क्यांवरून ११ वर आला.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं "व्हॅक्यूम, टाके" नको. "स्नायू तपासला" हेही लिहा. सहा आठवड्यांनी ती आली की सासूला बाहेर बसवून विचारा: वायू आवरतो का?