केसांतलं बियाणं

(पडद्यावर : वेणी घालणारे हात. चिमटीत भाताचे दाणे.)

हे दाणे केसांत जाताना नीट पाहा. वेणी घट्ट वळली, की एकही दिसणार नाही.

दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम. १६६७पासून डचांची वसाहत. नदीकाठी उसाचे आणि कॉफीचे मळे, त्यांत राबायला आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसं आणि मळ्यांच्या पाठीमागे घनदाट जंगल. त्या जंगलात जे पळून गेले आणि तिथंच वस्ती करून राहिले, त्यांना ‘मरून’ म्हणतात.

मरूनांपैकी सारामाका लोक पांझा नावाच्या पूर्वज बाईची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मळ्यात भाताची कापणी चालू असताना तिनं लोंब्या केसांत खोचल्या आणि जंगल गाठलं. भाताच्या एका जातीला आजही तिचंच नाव आहे. न्द्यूका मरूनांकडे ‘सापाली’ नावाचं भात आहे. तेही एका पूर्वज बाईचंच नाव. आपल्याकडे आंबेमोहर म्हटलं की वास आठवतो, जिरेसाळ म्हटलं की दाणा. इथं भाताचं नाव घेतलं, की पळून आलेली बाई आठवते.

कारण पळायला एक रात्र पुरते, पण पुढच्या पावसाळ्यात खायचं काय? डचांच्या पलटणींनाही हे ठाऊक होतं. माणसं हाती लागली नाहीत, तर त्या उभी पिकं नासवून जात.

तरीही मरून हटले नाहीत. १७६०मध्ये न्द्यूकांशी आणि १७६२मध्ये सारामाकांशी तह करून डचांना त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. मात्र नव्यानं पळून येणाऱ्यांना परत सोपवायचं, हे कलमही त्याच तहात होतं. ते वाचताना घशात आवंढा येतो. मागे राहिलेल्यांसाठी जंगलाची वाट आणखी अवघड झाली.

बोनी नावाचा मरूनांचा म्होरक्या आणि त्याचे साथीदार मात्र लढतच राहिले. दलदलीत त्यांचा बुकू नावाचा किल्ला होता, तिथं पोचायच्या वाटा पाण्याखाली दडलेल्या. १७७२मध्ये तो पडला. पाडणाऱ्यांत स्वातंत्र्याच्या बोलीवर फौजेत घेतलेले गुलामच होते.

सुरिनाममध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १ जुलै १८६३ रोजी. त्यानंतरही बहुतेकांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर सक्तीनं राबावं लागलं. तोवर जंगलातल्या शेतांवर पांझाच्या लेकीसुनांनी शंभराहून अधिक सुग्या पाहिल्या होत्या.

(पडद्यावर : शेत. बायका लहान सुरीनं एकेक लोंबी कापताहेत.)

या जुड्या आता उन्हात वाळतील. मग उखळात कांडण, सुपात पाखडण. आणि या बाजूला ठेवलेल्या जुड्या पुढच्या पेरणीच्या.